पावणेचारला उतरणारी बॅटरी

१

बॅटरी उतरते म्हणून गाडी घेऊन येणारा माणूस मला दारातूनच ओळखू येतो. आधी तीन-चार जणांनी गाडी उघडून बघितलेली असते, प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवलेली असतात, आणि सकाळी चावी फिरवली की गाडी ढिम्म. माणूस रडकुंडीला आलेला असतो. मग कोणीतरी त्याला सांगतं, त्या बाईकडे जा, तोंडाने फटकळ आहे पण फॉल्ट शोधते.

फटकळ मी आहेच. पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या बाईने गोड गोड बोलावं असं ज्याला वाटतं त्याने दुसरं गॅरेज बघावं. वीज मला आवडते ती थापा मारत नाही म्हणून. निघाली की कुठंतरी पोचते, मधल्या मधे गडप होत नाही. हे मला बाबांनी शिकवलं. गॅरेजही त्यांचंच.

बाबा गॅरेजला लागून असलेल्या खोलीत असायचे. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा हलायचा, पण नुसती चादर चुरगाळायला. डोळे छताला लागलेले. मी रोज डबा घेऊन समोर बसायचे आणि कुठल्या गाडीला काय झालंय ते सांगायचे. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना काही कळत असेल असं धरून चालू नका. मी धरून चालत होते. एकदा तरी त्यांनी मला हाक मारावी, बस, एवढंच मला हवं होतं.

ती गाडी सोमवारी टो करून आली. फिक्या हिरव्या रंगाची, वयाने माझ्यापेक्षा मोठी, पण मालकिणीने लेकरासारखी जपलेली. मालकीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी नुसतं बघितलं तरी आपण सरळ उभं राहतो, अशा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोठ्या बाई ठेवून टाकलं.

"सकाळी चार्ज केली की दुपारपर्यंत छान असते," त्या म्हणाल्या. "पावणेचारनंतर उतरते."

"घड्याळ लावून?"

"मी गंमत करत नाहीये."

"डिकीतला दिवा बघितला?"

"चौघांनी बघितला."

"आता पाचवी बघेल. नाक त्या भिंतीकडे करून लावू द्या."

मोठ्या बाईंनी भिंतीकडे बघितलं. "पलीकडे काय आहे?"

"माझे वडील. आजारी असतात."

चावी त्यांच्या हातातच राहिली. "गाडी इथेच लावायला हवी का? दुसरीकडे कुठे..."

"का, भिंतीला बुजते का गाडी?"

त्या हसल्या नाहीत. चावी टेबलावर ठेवून मागे न बघता निघून गेल्या.

२

जुन्या गाडीत करंटचा चोर शोधणं सोपं असतं. ना त्यात संगणक, ना अलार्म. दोन फ्यूज, मूठभर वायरी. सगळं बंद केलं, दारं लावली की बॅटरीतून काहीच जायला नको. बॅटरीचं एक टर्मिनल सोडवायचं, मधे मीटर जोडायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. मी बाबांचा जुना लाकडी पेटीतला मीटर वापरते. त्याचा काटा जाडजूड आहे आणि मनात आल्यासारखा सावकाश हलतो.

बारा वाजता शून्य. दोन वाजता शून्य. मी स्टुलावर बसून काट्याकडे बघत होते. वरच्या पत्र्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा बॉनेटवर उतरला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. रस्त्यावरचे आवाज लांब गेले. मला वाटतं मी उघड्या डोळ्यांनी झोपले होते. कारण काटा हलला तेव्हा तो कधीपासून हलतोय ते मला सांगता येईना. दोन अँपियर. घड्याळात पावणेचार.

मी उठले, आणि पलीकडून मावशी ओरडल्या. मावशी म्हणजे दिवसभर बाबांचं करणाऱ्या बाई. कशालाही न घाबरणाऱ्या.

"ताई! अहो ताई, बाबा बोलले!"

मी हातातला पाना टाकून धावले. बाबा छताकडेच बघत होते. ओठ हलले.

"ठिणगे, पाणी दे."

"ही ठिणगी कोण?" मावशींनी विचारलं.

मी. लहानपणी जरा काही मनाविरुद्ध झालं की मी भडकायचे, म्हणून. हे नाव बाबांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मी चमच्याने पाणी पाजलं आणि मग तिथंच जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. मीटरची आठवण मला पार दिवेलागणीला झाली. तोवर बॅटरी मेलेली होती आणि बाबा गप्प झोपले होते.

३

दुसऱ्या दिवशी पावणेचारला काटा हलला आणि भिंतीपलीकडून प्रश्न आला.

"काय शोधतेयस?"

पूर्वी ते दारात उभे राहून असंच विचारायचे. "बॅटरी खातेय बाबा."

"किती?"

"अडीच."

"फ्यूज काढ."

"दोन्ही काढलेत."

"मग स्टार्टरपाशी सगळ्या वायरी येतात त्या सोड. एकेक करून. आणि खुणा करून ठेव, नाहीतर जोडताना बोंबलत बसशील."

मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. एकेक वायर सोडत गेले, चिकटपट्टीवर आकडे लिहीत गेले, आणि दर वेळी काट्याकडे बघत गेले. दिव्यांची सोडली, काटा तसाच. हॉर्नची सोडली, तसाच. डायनॅमोची, वायपरची, सगळ्यात शेवटी स्टार्टरची. आता बॅटरीच्या जाड वायरीचं टोक हवेत लोंबत होतं. त्याला कशाचाही स्पर्श नव्हता. मी त्याच्याभोवती हात फिरवून बघितला. मीटर बिघडला असेल म्हणून दुसरा लावला. अडीच.

"आता काय राहिलं?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. वायर हवेत आहे."

"मग करंट जातोय कुठं?"

मी सोळा वर्षांची असताना ते मला असेच प्रश्न विचारून छळायचे. तेव्हा उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं. आता मात्र ते खरंच विचारत होते. मग ते हळूच म्हणाले, "थंडी वाजतेय गं." बाहेर ऊन मी म्हणत होतं.

४

बुधवारी ते आईची गोष्ट सांगत होते. मी दोन्ही दारं उघडी ठेवली होती, म्हणजे काम करता करता ऐकता यावं.

"तुझी आई पहिल्यांदा गाडी चालवायला बसली ना, तर घरात शिरल्यासारख्या आधी चपला काढल्या आणि..."

माझ्या कोपराचा धक्का लागून मीटरची क्लिप निसटली. काटा शून्यावर आला.

मी गोष्टीची वाट बघत थांबले. पुढे काहीच येईना. "आणि काय, बाबा?" उत्तर नाही. मावशी दारात आल्या, म्हणाल्या, "बोलता बोलता थांबले हो, डोळे बघा कसे झालेत." मी सवयीने क्लिप परत लावली.

"...बाहेर ठेवल्या, आणि तशीच निघाली. दोन मैल गेल्यावर आठवलं. चपला आपल्या रस्त्यात!" बाबा हसले.

मला हसू आलं नाही. मी स्वतःला बजावलं की हा योगायोग आहे, आणि डोकं थाऱ्यावर असलेल्या बाईने योगायोगाला योगायोगच म्हणावं. पण बाबांचा गॅरेजमधला एक नियम होता. फॉल्ट सापडला असं म्हणायच्या आधी तीनदा जोडून, तीनदा काढून बघायचं.

मी क्लिप काढली. आवाज थांबला. लावली, शब्द तुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला. काढली. लावली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा पलीकडे "ठिणगे" मधला "ठि" तेवढा झाला होता. मी क्लिप हातात धरून उभी राहिले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. बाप आहे तो, बल्ब नव्हे. मी घाईघाईने क्लिप लावली आणि पलीकडे जाऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

फॉल्ट सापडला होता. दुरुस्ती मला करायची नव्हती.

५

मोठ्या बाईंचा फोन आला की मी म्हणायचे, अजून दोन दिवस. आयुष्यात गिऱ्हाइकाला मी कधी थाप मारली नव्हती, आता एकापाठोपाठ एक मारत सुटले. बाकीच्या गाड्या परत पाठवल्या. सकाळभर बॅटरी चार्ज करायची, पावणेचारची वाट बघायची. एक बॅटरी पुरेना तेव्हा शेजारी दुसरी जोडली, मग तिसरी. काटा चारवर गेला, सहावर गेला, नंतर नऊवर. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. पिवळं ऊन, चार्जरची घरघर आणि भिंतीपलीकडून येणारं बोलणं, एवढंच आठवतं. मी सुखात होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

बोलणं वाढत होतं. फक्त त्यात गाड्या कमी व्हायला लागल्या. ते मला काय शोधतेयस असं विचारेनासे झाले. एकदा म्हणाले, "बाळ, खिडकी लाव, खडूची धूळ येते."

बाबांनी मला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. आणि खडू कुठला? मी खिडकी लावली.

"बाबा, आई चपला विसरली तेव्हा कुठली गाडी होती?"

"चपला?" ते म्हणाले. "पोरींनी चपला वर्गाबाहेर ओळीत लावायच्या."

त्या दिवशी मावशींनी मला अंगणात गाठलं. "ताई, रागवू नका. पण हा आवाज बाबांचा नाही. तोंड त्यांचं हलतंय, आवाज बाईमाणसाचा आहे."

"झटक्यानंतर आवाज बदलतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, त्यांना ते कळलं असावं. "मी सकाळचं सगळं करून जाईन," त्या म्हणाल्या, "दुपारी मात्र मला बोलावू नका." कशालाही न घाबरणारी ती बाई पदराची गाठ सोडत होती, बांधत होती.

मी आत गेले. बाबांचे गाल आत गेले होते. हाताची हाडं मोजता आली असती. इतके दिवस मी फक्त आवाज ऐकत होते, माणसाकडे बघितलंच नव्हतं. त्या रात्रीच ठरवायला हवं होतं काय ते, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकदाच, अगदी स्पष्ट, "ठिणगे" म्हणाले. मी चौथी बॅटरी आणली.

६

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी साडेतीनला मोठ्या बाई न सांगता आल्या. उघडं बॉनेट बघितलं, जमिनीवर ओळीने जोडलेल्या बॅटऱ्या बघितल्या.

"तुम्ही फॉल्ट काढत नाही आहात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बॅटऱ्या भरताय."

माझं तोंड नेहमी चालतं. तेव्हा मात्र मी नुसतं मीटरकडे बोट केलं. आम्ही दोघी काट्याकडे बघत उभ्या राहिलो. पावणेचार झाले, काटा उठला आणि अकरावर जाऊन टेकला.

"सुटली का गं शाळा?" पलीकडून आवाज आला. "हातपाय धू आधी."

मोठ्या बाई स्टुलावर बसल्या.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "तीही शिक्षिका होती. शेवटी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. शब्द नाही. मग भावाने ही गाडी घेतली, आमच्या पोर्चमध्ये लावली, आणि आई बोलायला लागली. रोज, लहानपणी मी शाळेतून यायचे ती वेळ झाली की."

"आणि तुम्ही बॅटरी भरत राहिलात."

"तुम्ही काय केलं असतंत?" त्यांचा आवाज एकदम मुख्याध्यापिकेचा झाला, मग लगेच विरघळला. "शेवटी शेवटी ती आई नव्हती. कोणीतरी पुरुष बोलायचा. बोटींबद्दल, कुठल्याशा धक्क्याबद्दल. मला ओळखायचा नाही. मग मी बॅटरी काढायला लावली. आई त्याच संध्याकाळी गेली. मला वाटलं, सुटली."

"मग इथे कशाला आणलीत गाडी?"

"गाडी उभी होती महिनाभर. बॅटरी लावली की परत पावणेचारला उतरायची. घरात दुसरं कोणीच नव्हतं तरी. मला फक्त कळायला हवं होतं, ती अजून गाडीत आहे का." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "तुमचे वडील पलीकडे आहेत हे कळल्यावर मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण त्याआधी त्या उठून खोलीकडे चालायला लागल्या होत्या, आणि मीही त्यांच्या मागे.

७

मोठ्या बाई बाबांच्या उशाशी बसल्या. बाबांच्या तोंडून एक म्हातारी बाई बोलत होती. डबा संपवला का, केस किती गळतायत गं तुझे, असलं साधंच काहीतरी. मोठ्या बाई शाळकरी पोरीसारख्या प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होत्या. ऊन भिंतीवर चढलं होतं. ते सगळं इतकं मायेचं होतं की मी क्षणभर दाराला टेकून ऐकतच राहिले.

मग माझं लक्ष बाबांच्या डोळ्यांकडे गेलं. ते छताकडे बघत नव्हते, मोठ्या बाईंकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. डावा हात चादरीवर होता. पहिली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि ती डावीकडे फिरत होती. परत मधे, परत डावीकडे.

इंजिन चालू असलं की एकमेकांचं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. अंगठा म्हणजे चावी फिरव. मूठ म्हणजे थांब. दोन बोटं डावीकडे म्हणजे टर्मिनल सोड, आत्ताच्या आत्ता सोड. ही खूण ते मजेत कधीच करायचे नाहीत.

तोंड त्या म्हातारीचं होतं. हात माझ्या बापाचा होता.

मी वळले. मोठ्या बाईंना कळलं. "नको," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं. तिचं बोलणं पुरं होऊ दे."

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

मी गाडीपाशी जाऊन क्लिपला हात घातला. बॅटरी निघाली त्याच संध्याकाळी यांची आई गेली होती, हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी तरी सोडवली. चारही बॅटऱ्यांच्या वायरी काढल्या, चार्जरचा प्लग उपसला, सगळ्या बॅटऱ्या ढकलत ढकलत पार फाटकापर्यंत नेल्या. काटा शून्यावर होता. पलीकडे बोलणं अर्ध्या शब्दावर तुटलं होतं.

मी परत आले. मोठ्या बाई तोंडावर पदर दाबून बसल्या होत्या. बाबांचा श्वास चालू होता, हळू, पण स्वतःचा. माझा जीव भांड्यात पडला. मी पलंगाच्या काठावर बसले आणि त्यांचा उजवा हात, तो लुळा पडलेला हात, दोन्ही हातांत घेतला. हाक नको मला, मी मनात म्हणाले. गप्प राहा, पण तुम्हीच राहा.

बाबांच्या डाव्या हाताची बोटं फिरत होती.

"काढलं बाबा. सगळं काढलं. शून्य आहे."

बोटं डावीकडे गेली. परत मधे. परत डावीकडे, आता घाईने.

मी मनातल्या मनात पुन्हा सगळं तपासलं. बॅटऱ्या फाटकापाशी. वायरी सुट्या. प्लग बाहेर. कुठंच काही जोडलेलं नव्हतं. मग मी त्यांच्या नजरेच्या दिशेने बघितलं. ते माझ्या हातांकडे बघत होते. त्यांचा हात मी धरला होता तिथून मनगटापर्यंत, मनगटापासून कोपरापर्यंत माझा हात गार पडत चालला होता. बाहेर ऊन होतं, आणि मला फार, फार झोप येत होती.

मोठ्या बाईंनी दचकून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, आणि मग भीतीपेक्षाही वाईट असं काहीतरी, आशा.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी काही म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं.

बाबांची बोटं डावीकडे फिरत राहिली. सोड, सोड, सोड. मला समजत होतं. मी त्यांचा हात सोडला नाही.